जुन्या जिप्सीचे शॉकअप निवडताना : आधी टेप, मग ब्रँड

(दृश्य : छोटी ग्वालटोली, दुकानांबाहेर टांगलेले शॉकअप)

ही इंदूरची छोटी ग्वालटोली, सरवटे बस स्टँडच्या अगदी बाजूला, इथे गाडीचा जवळजवळ कुठलाही पार्ट मिळतो. दुकानाबाहेर लाल, पिवळे, निळे शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) टांगलेत, आणि बरेच लोक रंग बघून, जाडी बघून, स्टिकर बघून घेऊन जातात. राजेंद्रनगरचे आमचे काका मात्र पहिल्या दुकानातून रिकाम्या हाताने बाहेर आले, कारण गाडीखाली जाऊन माप घेतलेलं नव्हतं. काकांचं अगदी बरोबर होतं.

काकांची गाडी म्हणजे मारुती जिप्सी किंग. जिप्सी भारतात १९८५ ला आली, ९७० सीसीचं इंजिन घेऊन, मग १९९६ मध्ये १३०० सीसीची किंग आली, आणि २०१८ च्या सुमारास सामान्य गिऱ्हाइकाला मिळणं बंद झालं. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक जिप्सी जुनीच. महूची लष्करी छावणी जवळ असल्यामुळे इंदूरवाल्यांना ही गाडी लष्करी हिरव्या रंगात बघायची सवय आहे. वजन हजार किलोच्या आसपास, पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा एकच दांडा, आणि चारही चाकांवर पाटे, म्हणजे स्टीलच्या पट्ट्या एकावर एक रचलेली लीफ स्प्रिंग. पुढेसुद्धा पाटेच, आणि सगळा विषय तिथूनच सुरू होतो.

(दृश्य : गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, चाकं काढलेली, पाट्यांचा क्लोजअप)

हे पाटे बघा, दोन पानांच्या मध्ये गंज धरलाय. गाडीचं वजन शॉकअप पेलत नाही, पाटे पेलतात, शॉकअपचं काम फक्त पाट्यांची उसळी आवरायचं. पाटे गंजून एकमेकांना चिकटले की सगळा जुडगा एका जाड पट्टीसारखा वागतो, गाडी दणके मारते, आणि मालक म्हणतो शॉकअप गेले. मग तो महागातले नवे टाकतो आणि दणके तसेच राहतात. आमचे मेकॅनिक, उस्ताद, पहिल्याच दिवशी म्हणाले, "काका, पहले कमानी खोलो, शॉकअप बाद में." कमानी म्हणजे हे पाटेच. पाटे उतरवले, पानं सुटी केली, ब्रशने घासली, पाट्याचं टोक चॅसिसला जोडणाऱ्या शॅकलचे रबरी बुश बदलले, मेन पाट्याला तडा नाही ना ते उजेडात धरून बघितलं. दुपारभर हेच चाललं होतं, आणि माझ्या मते अर्धी दुरुस्ती इथेच झाली.

(दृश्य : ग्राइंडर, ठिणग्या, कापलेला शॉकअप, ट्रेमध्ये काळं तेल)

जुना शॉकअप मुद्दाम कापायला लावला, आत काय असतं ते दिसावं म्हणून. आधी तेल काढून घेतलं, आणि गॅसवाला असता तर असा कापलाच नसता, आत दाब असतो, घरी कोणी करून बघू नका. ही आतली नळी, हा पिस्टन, पिस्टनला भोकं आणि भोकांवर पातळ स्टीलच्या चकत्या. चाक हललं की पिस्टन तेलातून सरकतो, चकत्या वाकून तेलाला थोडीच वाट देतात आणि उसळीची ताकद उष्णता होऊन तेलात जाते. दाबताना कमी अडवायचं आणि उघडताना जास्त, असं साधारण ठेवलेलं असतं. तेल बघा, काळं झालंय. आणि पिस्टनच्या दांड्याचं सील फाटलंय, म्हणून बाहेरची नळी ओली होती. पुसट ओल चालते, ओघळ आला की शॉकअप संपला समजा.

बाहेरून दुसरी नळी आहे ना, ही झाली ट्विन ट्यूब. नुसत्या तेलाचा असेल तर लांब खडखडीत रस्त्यावर तेलात हवा मिसळून फेस होतो आणि शॉकअप हळूहळू ढिला पडतो, म्हणून त्यात कमी दाबाचा नायट्रोजन भरलेला प्रकार येतो. तिसरा मोनोट्यूब, एकच नळी, तेल आणि जास्त दाबाचा नायट्रोजन यांच्यामध्ये तरंगता पिस्टन. हा लवकर थंड होतो, कारण तेल थेट बाहेरच्या नळीला लागून असतं. पण त्याच नळीला दगडाने पोचा पडला की पिस्टन अडकतो, ट्विन ट्यूबची बाहेरची नळी थोडा पोचा सोसते. इंदूरजवळ चोरलकडे, जानापावकडे, घाटाखालच्या ओढ्यांत बेसॉल्टचे गोटेच गोटे असतात, त्यामुळे काकांसाठी गॅसवाला ट्विन ट्यूब ठरला, आणि मलाही तोच योग्य वाटतो. इथून जवळच देवासला गॅब्रिएलचा शॉकअपचा कारखाना आहे, म्हणजे ही वस्तू आपल्या भागात बनते, तरी लोक परदेशी स्टिकर शोधत फिरतात याचं वाईट वाटतं.

(दृश्य : टेप, खडूच्या खुणा, उस्ताद गाडीखाली)

आता माप, हे नीट बघा. गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर उभी, रोज जेवढं सामान असतं तेवढं आत. वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत पहिलं माप. मग ॲक्सल आणि त्याला वर जाताना अडवणारा रबरी ठोकळा, म्हणजे बंप स्टॉप, यांच्यातलं अंतर मोजा, चाक वर जाऊन जाऊन किती जाईल ते त्यावरून कळतं. मग चॅसिस घोडीवर घेऊन ॲक्सल खाली लोंबू द्या आणि परत बोल्ट ते बोल्ट मोजा. समजा पूर्ण लोंबल्यावर ३८० मिमी आलं आणि बंप स्टॉपला टेकल्यावर २७०, तर उघडा शॉकअप ३८० पेक्षा लांब हवा आणि बंद झालेला २७० पेक्षा आखूड, दोन्हीकडे निदान १२-१५ मिमी शिल्लक राहील असा. बंद शॉकअप लांब पडला तर बंप स्टॉपच्या आधी शॉकअपच आपटतो आणि आतून फुटतो, आणि उघडा आखूड पडला तर लोंबताना ॲक्सलचं वजन दांड्यावर येऊन वरचा माउंट, म्हणजे बसवायची जागा, तुटतो. शॉकअपची टोकं पण बघा, बोल्ट जायला गोल डोळा आहे की नुसती दांडी, बुशची रुंदी किती, बोल्ट किती जाड.

कडकपणा पण गाडीच्या वजनाप्रमाणेच हवा. दोन टनी गाडीचा शॉकअप जिप्सीला टाकला तर तो चाकाला लवकर खाली येऊच देत नाही, लागोपाठ खड्डे आले की पाटे दबलेलेच राहतात आणि गाडी आणखी दणकते. माळव्याच्या काळ्या मातीवर हे फार होतं, ती माती पावसात फुगते, उन्हात आकसते, वरचा रस्ता लाटांसारखा होतो.

काकांनी गाडी लिफ्ट केली नाही, म्हणजे मूळ उंचीपेक्षा वर उचलली नाही. गाडी उचलली की लांब शॉकअप, लांब ब्रेक होज, ॲक्सलला ताकद पोचवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन, सगळंच मागे लागतं, आणि त्या गाडीचा मूळ तोल जातो. जिप्सी आहे त्या उंचीवर पुष्कळ चढते.

(दृश्य : नवीन शॉकअप उभा धरून दाबणं, बोल्ट कसणं)

ट्विन ट्यूब बसवण्याआधी उभा धरून चार-पाचदा पूर्ण दाबून सोडायचा, आडवा पडून राहिला तर आतल्या नळीत हवा शिरते, ती निघून जाते. बोल्ट आधी हाताने लावायचे आणि गाडी चाकांवर उतरवल्यावर शेवटचे कसायचे, हवेतच कसले तर रबरी बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. बदलताना निदान दोन्ही पुढचे किंवा दोन्ही मागचे बरोबर, इथे चारही बदलले.

(दृश्य : जानापावच्या पायथ्याचा कच्चा रस्ता, चाकाजवळचा कॅमेरा)

चाक बघा, वर गेलं, खाली आलं आणि थांबलं, दुसरी उसळी नाही. शॉकअप गेलेले असले की टायर जमीन सोडतो, खराब रस्त्यावर ब्रेकचं अंतर वाढतं, टायर जागोजागी खाल्ला जातो.

पाटे उतरवले होते म्हणून काही शे किलोमीटरनंतर पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट पुन्हा कसून घ्यायचेत, त्याच दिवशी उस्ताद खालून बोल्ट, बुश आणि सील बघतील. मापांचा कागद काकांनी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलाय, पुढच्या वेळी दुकानात तोच दाखवायचा.