छापण्यास हरकत नाहीं

(दृश्य: गिरगावातला जुना छापखाना. खिळ्यांची केस, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं ठेवायची कप्प्यांची पेटी. म्हातारे हात, अगदी जवळून.)

हे हात माझ्या आतोबांचे. वय ८१. घरी चहाचा कप उचलताना बोटं थरथरतात. इथे केससमोर उभे राहिले की काय होतं ते बघा. नजर कागदावर, आणि बोटं आपली आपण नेमक्या घरात जातात. आतोबा या छापखान्यात जुळारी होते. कंपोझिटर. आत्याची आणि त्यांची गाठ पडली ती याच कामातून, म्हणून आधी हे काम नीट बघू या.

हा खिळा, म्हणजे छपाईचा एका अक्षराचा ठसा. शिसं, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रणाचा. टोकावर उठावाचं अक्षर, पण आरशात दिसावं तसं उलटं. अंगाला एक बारीक खाच असते. खिळा सुलटा धरलाय की नाही ते अंगठ्याला त्या खाचेवरून कळतं, डोळ्याने बघावं लागत नाही. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची छोटी चौकट, उजव्या हाताने एकेक खिळा त्यात. ओळ डावीकडून उजवीकडे भरत जाते, पण अक्षरं डोक्यावर उभी असतात. म्हणून जुळारी उलटं वाचायला शिकतो. आणि मराठीची केस केवढी मोठी! काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं. या सगळ्या घरांचा नकाशा आतोबांच्या बोटांत अजून शाबूत आहे.

(दृश्य: ठाकूरद्वारचा नाका. गल्ल्या. भुयारी मेट्रोच्या गिरगाव स्थानकाचं प्रवेशद्वार.)

या गल्ल्यांना शाईचा वास होता. गणपत कृष्णाजींनी मुंबईत मराठी पंचांग छापलं १८३१ साली, जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना निघाला १८६९ मध्ये. आतोबा देवरुखाकडून इथे आले तेव्हा वाडीवाडीत ट्रेडलचा, म्हणजे पायाने चालवायच्या छपाई मशीनचा, खडखडाट असायचा. खेतवाडीतल्या एका गाळ्यात ते गावच्या आठ जणांबरोबर राहायचे. शाळा सातवीपर्यंत.

साल १९६७. दिवाळी अंकांचा हंगाम. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक निघाला आणि तेव्हापासून श्रावण-भाद्रपदात मराठी छापखान्यांना उसंत म्हणून नाही. त्यात लग्नपत्रिका, वह्या, पावतीपुस्तकं. छापखान्याचे मुद्रितशोधक होते माझे आजोबा. छापण्याआधी काढलेले कच्चे कागद, म्हणजे प्रूफं, तपासून चुका दुरुस्त करणारे. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. मालकांना कळलं तर नोकरी जाईल, म्हणून ते प्रूफं संध्याकाळी घरी मागवायचे आणि आत्या ती वाचायची. गॅलरीच्या दारात बसून, दिवेलागणीपर्यंत. ती तेव्हा १९ वर्षांची.

(दृश्य: पिवळ्या पडलेल्या गॅली प्रूफच्या पट्ट्या. लाल शाईच्या खुणा.)

हे पहिल्यांदा लक्षात आलं आतोबांच्या, तेही अनुस्वारांवरून. आजोबा जुन्या वळणाचे. 'नाहीं', 'कांहीं', 'घरांत'. १९६२ मध्ये शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नवे नियम मान्य केले, असे अनुस्वार गेले, तरी आजोबांचा हात ऐकत नव्हता. आणि एके दिवशी आलेल्या प्रूफावर हेच अनुस्वार खोडलेले! जुळाऱ्याला प्रत्येक अनुस्वार म्हणजे वेगळं काम. आतोबा खूश झाले आणि त्यांना हेही कळलं, की हा हात अण्णांचा, म्हणजे आजोबांचा, नाही. ते कुणालाही बोलले नाहीत. फक्त प्रूफं पोचवण्याचं पोऱ्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. रोज संध्याकाळी ओल्या कागदाची गुंडाळी घेऊन चाळीचे तीन जिने चढायचे. आजी हातावर गुळाचा खडा ठेवायची, पाण्याचा तांब्या द्यायची. दारातच. आत बोलावणं नव्हतं.

आता ही पट्टी बघा. एका लग्नपत्रिकेचं प्रूफ. 'आर्शीवाद' छापलंय. रफार 'श'वर चढलाय, तो हवा 'व'वर. ही चूक आजही कितीतरी पत्रिकांत दिसते. आत्याने लाल शाईने दुरुस्त केलंय आणि समासात लिहिलंय, 'पुन्हा तेच?'

दुसरी पट्टी, दोन दिवसांनंतरची. मजकूर संपतो, आणि खाली एक जादा ओळ. खिळ्यांत जुळवलेली: 'पुन्हा होणार नाही.'

त्या ओळीभोवती लाल गोल. बाजूला आत्याचं अक्षर: 'ही ओळ मूळ प्रतीत नाही.' पण ओळ खोडलेली नाही. प्रूफवाचक नको असलेला मजकूर खोडतो, गोल करून ठेवत नाही. आतोबा म्हणतात, तो गोल बघून मी रात्रभर जागा होतो.

या पट्ट्या आत्याने ५५हून जास्त वर्षं जुन्या साडीच्या घडीत जपल्यात. मुळात प्रूफ हे काम झालं की टाकून द्यायचं.

(दृश्य: मरीन ड्राइव्ह. तारापोरवाला मत्स्यालयाची इमारत बाहेरून.)

मग एका रविवारी दोघं इथे आले, तारापोरवाला मत्स्यालयात. सोबत राखण म्हणून माझे बाबा, वय वर्षं नऊ. बाबांना आठवतं ते एवढंच, की आपण मासे बघत होतो आणि ताई पाट्या वाचत होती. काचेवरच्या माहितीत एक वेलांटी चुकली होती. तिने ती दाखवली आणि शेजारच्या माणसाने लगेच मान डोलावली.

घरी कळलं तेव्हा आजोबांनी स्पष्ट नकार दिला. जात वेगळी, राहायला स्वतःची खोली नाही. आठ महिने प्रूफं घरी आली नाहीत, आजोबा भिंग लावून छापखान्यातच वाचत बसले. त्या काळाचं दाखवण्यासारखं आमच्याकडे काही नाही. पुढे आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा इस्पितळात रात्री सोबतीला बसले ते आतोबाच. त्यावर आजोबा घरात एक शब्द बोलले नाहीत.

(दृश्य: आत्या ट्रंकेतून कागद काढते. हळू. आवाज नको.)

हे आत्याच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ. मे १९७०. जुळवली आतोबांनी, स्वतःच्या हाताने. 'आशीर्वाद' बरोबर आहे. विचारल्याशिवाय जुळवली होती, आणि रीतसर प्रूफ काढून अण्णांच्या टेबलावर ठेवली, रोजच्या कामात. आजोबांनी ती वाचली. एका ठिकाणी स्वल्पविराम घातला. खाली लिहिलं, 'छापण्यास हरकत नाहीं'. सही, तारीख.

'नाहीं'वर अनुस्वार आहे बघा. आत्याने तो खोडला नाही.

(दृश्य: कुटुंबाचे फोटो, एकापाठोपाठ.)

मग संसार. पहिली चार वर्षं छापखान्याच्या पोटमाळ्यावर, पुढे बोरिवलीत दोन खोल्या, दोन मुली. कॉम्प्युटरवर जुळणी आली, खिळे किलोच्या भावाने वितळवायला गेले आणि पन्नाशीच्या आत आतोबांचं काम संपलं. आत्याच्या प्रूफवाचनावर घर चाललं. संध्याकाळी आतोबा मूळ प्रत मोठ्याने वाचायचे, ती प्रूफावर बोट ठेवून बसायची. अजून रोज सकाळी वर्तमानपत्र असंच वाचलं जातं, लाल पेन हाताशी धरून.

(दृश्य: पुन्हा छापखाना. आत्या खुर्चीतून उठते.)

या छापखान्यात एक ट्रेडल आणि चार केसा उरल्यात. मालकांचे नातू त्या जपून आहेत, विकत नाहीत. त्यांनीच आतोबांना म्हटलं, काका, एक ओळ जुळवा ना. आतोबांनी स्टिक हातात घेतली. काय जुळवू, असं कुणालाही विचारलं नाही.

आत्या त्यांच्या खांद्यामागून बघतेय. अक्षरं डोक्यावर उभी आहेत, तरी ती सरळ वाचतेय. दोन शब्दांमधल्या फटीवर तिने बोट ठेवलं.

"अहो, इथे जागा जास्त सुटलीय."

आतोबा शब्दांमधली जागा राखणारी धातूची पट्टी काढतात आणि पातळ बसवतात.