भाडं थकलेला महानायक

मंडळी, सिनेमाचा दुसरा भाग म्हटला की आपण मनाची तयारी करूनच जातो: तेच सगळं, फक्त आवाज मोठा. २००४ सालचा ‘स्पायडर-मॅन २’ मात्र पहिल्यापेक्षा कितीतरी वरचा आहे, असं माझं ठाम मत आहे. त्याच वर्षी इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पहिल्यांदा गोव्यात आला आणि आपल्याकडे जगभरच्या सिनेमांवर बोलणं वाढलं. त्या बोलण्यात हा सिनेमा ‘पोरांचा’ म्हणून बाजूला पडू नये, असं मला तेव्हाही वाटायचं.

दिग्दर्शक सॅम रेमी. पहिल्या भागात नायकाला कोळी कसा चावला इथपासून त्याला सांगणं भाग होतं. दुसऱ्यात तो थेट विचारतो, या शक्तीची किंमत कोण मोजतो? पीटर पार्कर, म्हणजे मुखवट्याआडचा स्पायडर-मॅन, पिझ्झा पोचवतो, उशीर होतो, नोकरी जाते. कॉलेजात मागे पडतो. घरमालक भाड्यासाठी टपलेला. वाढदिवसाला मे काकू त्याच्या हातात वीस डॉलर कोंबते, आणि इकडे तिचंच घर बँक काढून घेणार आहे. ती नोटही त्याला लाभत नाही. घरमालक ती हातातून काढून घेतो.

गोव्यात पेडण्याकडे काल्याच्या रात्री दशावतार हे लोकनाट्य पाहिलेल्यांना ते बोल ठाऊक आहेत: रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. म्हणजे रात्री राजा झालेला नट सकाळी सामान डोक्यावर घेऊन निघतो. पीटरचं नेमकं तेच आहे. फरक एवढाच की दशावतारी राजाला गाव ओळखतो, याला ओळख लपवावी लागते. म्हणूनच तो पोशाख कचऱ्याच्या डब्यात टाकून निघून जातो, तेव्हा मला तो भित्रा वाटत नाही. थकलेला वाटतो. (हे दृश्य १९६७च्या कॉमिकमधून घेतलंय.)

आता खलनायक. आल्फ्रेड मोलिनाचा डॉक्टर ऑक्टोपस आधी प्रेमळ, बायकोवर जीव असलेला शास्त्रज्ञ म्हणून भेटतो. प्रयोग फसतो, बायको जाते, पाठीला चार यांत्रिक भुजा चिकटून राहतात. बऱ्याच दृश्यांत या भुजा खऱ्याखुऱ्या बनवलेल्या होत्या आणि कळसूत्री कलाकार त्या हलवत होते. म्हणून त्यांना वजन आहे, स्वभाव आहे. शस्त्रक्रियागृहात त्या जाग्या होतात त्या प्रसंगात रेमीने संगीत जवळजवळ ठेवलेलंच नाही. भयपट करून तयार झालेला हात आहे तो! दृश्य-परिणामांचं ऑस्कर या सिनेमाला मिळालं, ते योग्यच.

आगगाडीच्या प्रसंगाबद्दल सगळेच बोलतात. मुखवटा गेलेला, बेशुद्ध पडलेला पीटर प्रवासी हातांवरून आत घेतात, आणि कुणीतरी म्हणतं, हा तर पोरगा आहे. सुंदरच आहे ते. पण मला विचाराल तर सिनेमाचं काळीज मे काकूच्या घरातल्या टेबलापाशी आहे. बेन काकांच्या (मे काकूच्या नवऱ्याच्या) मरणाला मी कारणीभूत आहे, असं पीटर तिला सांगतो. मे काकू झालेली रोझमेरी हॅरिस काय करते? धरलेला हात काढून घेते आणि जिना चढून निघून जाते. रडारड नाही, दोषारोप नाही. क्षमा येते, पण बऱ्याच वेळाने, सामानाची बांधाबांध चालू असताना. ती तत्काळ दिली असती तर पीटरच्या कबुलीला काही मोलच उरलं नसतं, आणि रेमीने तेवढा धीर धरला याबद्दल मी त्याला फार मानतो.