डोमेन कुणाच्या नावावर?

मित्रहो, पत्रिकेवर ‘फ्रीलान्स वेब डेव्हलपमेंटमध्ये पहिले काम कसे मिळवावे’ असा विषय छापला आहे आणि मी त्याकडे येणारच आहे. परंतु त्याआधी माझी एक जुनी तक्रार आपल्याला ऐकून घ्यावी लागेल.

नाशिकजवळच्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग बनवणारे एक कारखानदार आहेत. त्यांची वेबसाइट भाच्याच्या मित्राने करून दिली होती आणि डोमेन, म्हणजे वेबसाइटचा इंटरनेटवरचा पत्ता, त्याने स्वतःच्याच नावावर, स्वतःच्याच ईमेलवर नोंदवले होते. पुढे तो नोकरीसाठी परदेशी गेला, जुना ईमेल उघडेनासा झाला आणि नूतनीकरणाच्या सूचना तिथेच साचत राहिल्या. एके दिवशी वेबसाइट बंद पडली. मालकांना त्याचे विशेष काही वाटले नाही, कारण आपली वेबसाइट ते स्वतः कधी उघडतच नसत (सभागृहातील उद्योजकांनी हसू नये). धाबे दणाणले ते कंपनीचे ईमेलही त्याच डोमेनवर असल्यामुळे पुण्याच्या ग्राहकाची पर्चेस ऑर्डर पोहोचेना तेव्हा. डॉट कॉम नाव मुदत संपताक्षणी हातचे जात नाही; बहुतेक नोंदणी कंपन्या आधी काही दिवस नेहमीच्या दरात नूतनीकरण करू देतात, मग 30 दिवस जबर शुल्क भरून नाव सोडवता येते आणि त्यानंतर 5 दिवसांनी ते कुणालाही घेता येते. मालकांनी मला बोलावले तेव्हा आम्ही त्या 30 दिवसांत होतो. मालक पैसे मोजायला तयार होते, पण कागदोपत्री ते त्या नावाचे कुणीच लागत नव्हते. अखेर इंदिरानगरात त्या मुलाच्या मातोश्रींना गाठून, त्यांच्याकरवी रात्री त्याला फोन लावून ओटीपी मिळवावा लागला. जागतिक इंटरनेटचा कारभार त्या रात्री एका माउलीच्या दरडावण्यावर चालला!

या सगळ्या प्रकरणात मी कोडची एक ओळही लिहिली नाही, आणि तरीही त्यांच्या शेजारच्या दोन कारखान्यांची कामे मला त्यातूनच मिळाली. रिॲक्ट हे वेबसाइट बांधण्याचे आधुनिक साधन मला येते की नाही, हे तिथे कुणीही विचारले नाही. वर्डप्रेस या वेबसाइट चालवण्याच्या तयार प्रणालीला नाके मुरडणाऱ्या तरुणांना एवढेच सांगतो की 2003 साली सुरू झालेल्या त्या प्रणालीवर आज जगातील 40 टक्क्यांहून अधिक वेबसाइटी चालतात, आणि त्यांची देखभाल कुणीतरी करतच असते.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ विषय भराभर सांगतो. फ्रीलान्स कामे मिळवून देणाऱ्या अपवर्कसारख्या संकेतस्थळांवर प्रस्ताव पाठवण्यासाठीही ‘कनेक्ट’ नावाची टोकने खर्ची पडतात आणि अभिप्राय नसलेल्या नवख्याला तिथे बहुधा भावात पडते घ्यावे लागते; म्हणून सुरुवात सातपूर, अंबड, सिन्नरपासून करावी. ज्या वेबसाइटवर ब्राउझर ‘सुरक्षित नाही’ असे दाखवतो किंवा जिचा चौकशी अर्ज मोबाइलवर भरता येत नाही, त्या मालकाला नेमका दोष स्क्रीनशॉटसह कळवून फक्त तेवढ्याच दुरुस्तीचा दर सांगावा. 2027 च्या सिंहस्थामुळे लॉजवाले आणि प्रवासी गाड्यांचे व्यावसायिक यांच्याकडेही आत्ताच जावे, कारण ऐन पर्वणीत वेबसाइट करून घेण्याइतकी उसंत त्यांना मिळणार नाही.

डोमेन आणि होस्टिंग (वेबसाइट ठेवण्याची सर्व्हरवरची जागा) पहिल्या दिवसापासून ग्राहकाच्याच नावावर घ्यावे. निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी आणि दुरुस्त्यांच्या किती फेऱ्या दरात धरल्या आहेत, हे कोटेशनमध्येच लिहावे, नाहीतर ‘लोगो जरा मोठा करा’ या वाक्याला अंत नसतो. वार्षिक देखभालीचा करार वेगळा करावा, कारण घरखर्च त्यावरच चालतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, विनाशुल्क होते, ती करून ठेवावी. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करावे लागते, आणि हे कलम बिलाच्या तळाशी छापले की कारखान्यांचे लेखा विभाग फोन उचलू लागतात.