रोडमॅपवर तारीख पडण्याआधी

श्रोते हो, नमस्कार.

सात महिने खपून बांधलेली गोष्ट कुणीच वापरत नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची वेळ माझ्यावर आली आहे. आज त्याबद्दलच बोलणार आहे. मी सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून काम करते. काय बांधायचं, कशाच्या आधी बांधायचं आणि काय अजिबात बांधायचं नाही, हे ठरवण्यात माझा दिवस जातो. ठरलेली कामं तारखांसकट ज्या आराखड्यावर मांडतात, त्याला आम्ही रोडमॅप म्हणतो.

तेव्हा आमचं सॉफ्टवेअर रुग्णालयांसाठी होतं, नर्सच्या पाळ्या लावण्याचं. त्यात एक कल्पना निघाली. दोन नर्सना आपसात पाळी बदलायची असेल, तर ती मोबाइलवरच बदलता यावी. एकीने विनंती पाठवायची, दुसरीने मान्य करायची आणि बदललेली पाळी मेट्रनच्या, म्हणजे नर्सच्या प्रमुखाच्या, पडद्यावर आपोआप दिसायची. ऐकताक्षणी पटावी अशी कल्पना. आम्ही बऱ्याच मेट्रनना भेटलो, पडदे कसे दिसतील त्याची चित्रं दाखवली. सगळ्या म्हणाल्या, छान आहे, हे आलं तर फार बरं होईल. मी ते शब्द जसेच्या तसे वहीत उतरवले, मोठ्या मीटिंगमध्ये वाचून दाखवले आणि रोडमॅपवर तारीख पडली.

सात महिन्यांनी ते बाहेर आलं. पहिल्या आठवड्यात अनेकींनी उघडून पाहिलं. दुसऱ्या महिन्यात जवळजवळ कुणीच नाही. मग मी एका रुग्णालयात गेले आणि रात्रीची पाळी सुटण्याच्या वेळी वॉर्डच्या दाराशी उभी राहिले. एक पाळी सुटत होती, दुसरी येत होती. कोणत्या रुग्णाला काय दिलं, कोणाकडे लक्ष ठेवायचं, हे एकमेकींना सांगणं चाललं होतं आणि त्याच पाच मिनिटांत पाळ्यांची अदलाबदलही होत होती. ‘गुरुवारी माझ्याऐवजी येशील का?’ ‘येईन, पण पुढचा रविवार तू कर.’ दोघी मेट्रनकडे गेल्या, तिने तक्त्यावर दोन नावं खोडून दोन लिहिली, झालं काम. या सगळ्यात आमच्या मोबाइलला शिरायला जागाच नव्हती. शिवाय मेट्रनला बदल आयता कळायला नको होता, तिला आधी विचारलेलं हवं होतं. कोणत्या दिवशी वॉर्डात अनुभवी माणूस लागणारच आहे, हे तिला ठाऊक असतं, आमच्या सॉफ्टवेअरला नाही.

हे कळायला मला एक सकाळ लागली. ती सकाळ सात महिने आधी उजाडायला हवी होती.

मग त्या मेट्रन माझ्याशी खोटं बोलल्या का? मुळीच नाही. समोर कोणी उत्साहाने काही दाखवत असेल, तर त्याचा विरस करणं भल्या माणसाच्या जिवावर येतं. भीड ही भिकेची बहीण, असं आपण म्हणतो. इथे भीड त्यांना पडली आणि भीक मागायची पाळी आमच्यावर आली. दुसरं असं की, त्या एका काल्पनिक भविष्याबद्दल बोलत होत्या. भविष्यातला ‘मी’ नेहमीच शिस्तीचा, नीटनेटका, नवीन साधन लगेच आत्मसात करणारा असतो. वागायची वेळ येते ती आजच्या ‘मी’वर, घाईत असलेल्या, सवयीने चालणाऱ्या. त्यामुळे ‘वापराल का?’ या प्रश्नाला मिळालेलं ‘हो’ मी आता जमेत धरत नाही. मी विचारते, गेल्या वेळी ही अडचण कधी आली? त्या दिवशी तुम्ही काय केलंत? कोणाला फोन केला? किती वेळ गेला? याची उत्तरं देताना माणूस आठवतो, आणि आठवणीत सजावट कमी असते. गेल्या वेळचा प्रसंग आठवतच नसेल, तर ती अडचण आपण समजतो तेवढी मोठी नाही, हे तिथेच लक्षात येतं.

आता कोणी म्हणेल, तुम्ही थोड्या लोकांना विचारलंत, जास्त लोकांना विचारलं असतंत तर फसगत झाली नसती. त्यासाठी १९८५ सालची गोष्ट सांगते. कोका-कोला कंपनीने आपल्या पेयाची चव बदलायचं ठरवलं आणि त्याआधी जवळपास दोन लाख लोकांकडून चवीची चाचणी करून घेतली. नवी चव सरस ठरली. २३ एप्रिलला ती बाजारात आली. लोक इतके संतापले की ७९ दिवसांत जुनी चव परत आणावी लागली. दोन लाख ही काही लहान संख्या नव्हे. पण त्या चाचणीत प्रश्न होता, या दोन घोटांपैकी कोणता आवडला? तुमचं नेहमीचं पेय कायमचं काढून घेतलं तर चालेल का, हा प्रश्न वेगळा होता, आणि निर्णय सगळा त्यावर अवलंबून होता. प्रश्न चुकला की माणसं वाढवून उपयोग नाही. चुकीचंच उत्तर अधिक ठामपणे हाती येतं.

याच्या उलट एक लाकडाचा ठोकळा आहे, जो मला फार प्रिय आहे. जेफ हॉकिन्स यांच्या पाम कंपनीने ज्याचं सॉफ्टवेअर केलं होतं, ते झूमर नावाचं खिशातलं यंत्र, म्हणजे हातात मावणारा छोटा संगणक, १९९३ मध्ये आलं आणि बाजारात पडलं. पुढचं यंत्र करण्याआधी हॉकिन्स यांनी मनातल्या मापाचा एक लाकडी तुकडा कापला, लेखणी म्हणून एक काडी घेतली आणि तो तुकडा शर्टाच्या खिशात घालून ते हिंडू लागले. कोणी भेटीची वेळ मागितली की ठोकळा बाहेर काढायचा, त्यावर काडीने टकटक करायची, जणू दिनदर्शिका उघडते आहे. त्यांना जाणून घ्यायचं होतं ते एवढंच: हे मी खरोखर जवळ बाळगेन का आणि बाळगलं तर कशासाठी बाहेर काढेन? पुढे १९९६ मध्ये पाम पायलट आलं आणि खूप चाललं. त्या ठोकळ्यात ना बॅटरी होती ना पडदा. पण ज्या शंकेवर सगळा डोलारा उभा राहणार होता, तिचं उत्तर त्यात होतं.

श्रोते हो, पडताळणी म्हटलं की लोकांना प्रोटोटाइप आठवतो, म्हणजे वस्तूची छोटी, कच्ची आवृत्ती. मला वाटतं, घोळ इथेच होतो. आधी शंका शोधायची असते. प्रत्येक कल्पनेच्या पोटात पाच-सात गृहीतकं दडलेली असतात. त्यातलं एखादं असं असतं की ते खोटं ठरलं तर बाकीची खरी असूनही काही उपयोग नसतो. आमच्या पाळ्यांच्या बाबतीत ते गृहीतक होतं, ‘अदलाबदल करणाऱ्या दोघी त्या वेळी समोरासमोर नसतात.’ आम्ही सात महिने विनंती कशी जाईल, सूचना कशी वाजेल, बटण कुठे असेल, हे सोडवत बसलो. सोडवता येणारी कोडी आधी घ्यायची आणि भीती वाटणारा प्रश्न मागे ढकलायचा, हा हुशार माणसांचाही स्वभाव आहे.

एकदा तो प्रश्न सापडला की उत्तर मिळवायच्या युक्त्या पुष्कळ आहेत, आणि त्यातली माझी आवडती म्हणजे यंत्राचं काम गुपचूप माणसाने करून पाहणं. आयबीएममधल्या जॉन गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये असा प्रयोग प्रसिद्ध केला. बोललेलं ऐकून टाइप करणारं यंत्र तेव्हा हाताशी नव्हतं. त्यांनी लोकांना मायक्रोफोनसमोर बसवलं, पत्रं तोंडी सांगायला लावली आणि शब्द पडद्यावर उमटू लागले. प्रत्यक्षात दुसऱ्या खोलीत एक टायपिस्ट ते ऐकून टाइप करत होता. यंत्र बांधण्याआधीच, असं यंत्र मिळालं तर माणसं त्याच्याशी कशी वागतील, हे त्यांना बघता आलं. १९९९ मध्ये निक स्विनमर्न यांनीही असंच काही केलं. लोक पायात घालून न बघता इंटरनेटवरून बूट घेतील का, अशी शंका होती. ते बुटांच्या दुकानांत गेले, फोटो काढले, वेबसाइटवर लावले आणि मागणी आली की त्याच दुकानातून जोड विकत घेऊन पाठवला. त्यातून झॅपोस ही इंटरनेटवरून बूट विकणारी कंपनी उभी राहिली. पहिल्या काही जोडांवर पैसे सुटले नसतील, पण तिथे नफा मोजायचाच नव्हता. अनोळखी माणूस पैसे मोजतो का, एवढंच बघायचं होतं.

या दोन्हींत समोरच्या माणसाने मत दिलेलं नाही. त्याने काहीतरी केलं आहे. मी आता पुरावा म्हणून तेवढंच धरते. कोणी पैसे दिले, कोणी आपला तासभर दिला, कोणी आपल्या वरिष्ठांकडे आमच्यासाठी शब्द टाकला, कोणी जुनी सवय मोडली. ‘छान आहे’ म्हणायला काही खर्च येत नाही, म्हणून त्यावर काही बांधताही येत नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. काही ठिकाणी नसलेल्या सोयीचं बटण दाखवतात आणि किती जण दाबतात ते मोजतात. पद्धत उपयोगी आहे, मीही वापरली आहे. पण दाबणाऱ्याला लगेच, स्पष्ट सांगायला हवं की ही सोय अजून नाही, आम्ही विचार करत आहोत. आणि ज्या कामात कोणाचं आरोग्य, पगार किंवा परीक्षा अडकली आहे, तिथे हे करूच नये. आपल्या शंकेचं ओझं दुसऱ्याच्या अडचणीवर टाकायचा आपल्याला हक्क नाही.

आता प्रश्न उरतो वेळेचा. रोडमॅपवर टाकून मग का नाही पडताळायचं? मी हे करून पाहिलं आहे. तारीख पडली की कल्पना एकटी राहत नाही. सेल्सवाले ती ग्राहकाला सांगून बसतात. दोन नवीन डेव्हलपर तिच्यासाठी घेतले जातात. कोणाची तरी बढती तिच्याशी जोडली जाते. मग आठव्या आठवड्यात एखादी नवखी सहकारी म्हणते, मी चार जणांना भेटले, कुणालाच हे नको आहे. तेव्हा खोलीतले सगळे तिच्या चार जणांमध्ये खोट काढू लागतात. नमुना लहान होता, प्रश्न नीट विचारला नाहीस, ते आपले खरे ग्राहकच नव्हेत. हीच माहिती तारखेआधी आली असती, तर तिचे आभार मानले असते. म्हणून मी पडताळणी सुरू करण्याआधी कागदावर एक वाक्य लिहून ठेवते आणि टीममधल्या सगळ्यांना दाखवते: अमुक दिसलं नाही तर आपण हे सोडून देऊ. आकडा, मुदत, सगळं त्यात. निकाल हातात आल्यावर कसोटी ठरवायला बसलं, की ती हमखास आपल्या लाडक्या कल्पनेच्या मापाची निघते.

आणि ही सावधगिरी फक्त वाईट कल्पना रोखण्यासाठी नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये रॉन कोहावी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं प्रयोग करून मांडलं की, तपासलेल्या कल्पनांपैकी सुमारे एक तृतीयांशच अपेक्षित सुधारणा घडवतात. ज्यांनी त्या सुचवल्या, ते आपापल्या कामातले जाणकार होते, तरी हे प्रमाण. त्याच कंपनीच्या बिंग या शोधयंत्रात कोणीतरी सुचवलं होतं की जाहिरातीच्या मजकुराची पहिली ओळ शीर्षकाला जोडून शीर्षक लांब करावं. वरिष्ठांना त्यात विशेष काही वाटलं नाही. कल्पना सहा महिन्यांहून अधिक काळ यादीत तळाला पडून राहिली. २०१२ मध्ये एका इंजिनिअरने, फार काम नाही म्हणून, ती करून थोड्या लोकांवर तपासली. उत्पन्न १२ टक्क्यांनी वाढलं, एकट्या अमेरिकेत वर्षाला १० कोटी डॉलरहून जास्त. मीटिंगमधल्या अनुभवी माणसांच्या अंदाजाने ती गेलीच होती.

अर्थात सगळंच तपासत बसायचं नसतं. कायद्याने सांगितलेलं, सुरक्षिततेचं किंवा एका दिवसात होऊन एका दिवसात मागे घेता येणारं काम सरळ करून टाकावं.

पाळ्यांच्या त्या अपयशानंतर वर्षभराने आमच्याकडे दुसरी कल्पना आली. पहाटे एखादी नर्स आजारी असल्याचं कळवते, तेव्हा बदली माणूस शोधून देणारी सोय. या वेळी आम्ही कोडची एक ओळही लिहिली नाही. एका रुग्णालयाच्या मेट्रनला स्पष्ट सांगितलं की चार आठवडे हे काम आमची माणसं हाताने करतील. कागदावर लिहून ठेवलं की दहापैकी सहा वेळा तरी तिने आपणहून आम्हाला कळवलं नाही, तर हा विषय बंद. मी आणि माझा सहकारी आलटून पालटून पहाटे पाचला यादी घेऊन बसत असू आणि एकामागून एक फोन लावत असू. पहिल्या आठवड्यात कळलं की मोकळी असलेली कोण, यापेक्षा काल रात्रपाळी न केलेली कोण, हे आधी बघावं लागतं. तिसऱ्या आठवड्यात कळलं की फोनपेक्षा छोट्या निरोपाला उत्तर लवकर येतं. चार आठवडे संपले. आम्ही मेट्रनना कळवलं, आभार मानले आणि आकडे मोजायला घेतले.

पुढच्या सोमवारी पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी माझा फोन वाजला. त्याच मेट्रन होत्या. म्हणाल्या, ‘चाचणी संपली ते माहीत आहे मला. पण आज दोघी आजारी आहेत. तेवढं बघता का?’

मी यादी काढली, दोघींची सोय लावून दिली, आणि ऑफिसला पोहोचल्यावर रोडमॅपवर त्या कामापुढे तारीख लिहिली.

नमस्कार.