यांत्रिक राक्षस आणि एक लाख डॉलर

श्रोतेहो, नमस्कार.

सुपरमॅन कोण, हे आता घरातल्या लहान मुलालाही सांगावे लागत नाही. म्हणून मी थेट २८ नोव्हेंबर १९४१ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या ‘द मेकॅनिकल मॉन्स्टर्स’ या कार्टूनपटाकडे येतो. मायामीच्या फ्लायशर स्टुडिओने पॅरामाउंट या चित्रपट कंपनीसाठी काढलेल्या सुपरमॅन मालिकेतला हा दुसरा भाग.

पण ही मालिका निघाली कशी, तो किस्सा आधी ऐका. पॅरामाउंटने सुपरमॅनचा विषय काढला, तेव्हा दिग्दर्शक डेव्ह फ्लायशर यांचे मन त्यात नव्हते, असे सांगतात. हुबेहूब माणसासारखी माणसे, त्यांच्या अंगावरचा छायाप्रकाश, हे सारे चित्रामागून चित्र हाताने काढायचे म्हणजे किती कष्ट, हे ते जाणून होते. तोंडावर नकार देण्याऐवजी त्यांनी एका भागाचा खर्च १,००,००० डॉलर सांगितला, जेणेकरून समोरचे आपणहून माघार घेतील. एक लाख डॉलर, श्रोतेहो, आणि तेही अवघ्या काही मिनिटांच्या चित्रासाठी! त्या काळच्या पॉपाय या खलाशाच्या कार्टूनच्या एका भागापेक्षा हा खर्च कितीतरी पट होता. पॅरामाउंटने माघार घेतली नाही. घासाघीस करून पहिल्या भागाला ५०,००० आणि पुढच्या भागांना सुमारे ३०,००० डॉलर देऊ केले. टाळण्यासाठी सांगितलेला आकडा अर्ध्यावर मान्य झाला आणि नको असलेले काम गळ्यात पडले.

ते त्यांनी किती मनापासून केले, हे या भागात दिसते. एका संशोधकाचे पोलादी यंत्रमानव दागिन्यांचे प्रदर्शन लुटतात, पोलिसांच्या गोळ्या त्यांच्या अंगावरून उडून जातात, आणि बातमीच्या ओढीने वार्ताहर लोइस लेन त्यांच्यातल्या एकाच्या पोटात शिरते. क्लार्क, म्हणजे साध्या वेशातला सुपरमॅन, टेलिफोनच्या खोक्यात कपडे बदलतो आणि त्याचा आवाजही बदलतो. हा आवाज बड कॉलियर यांचा. १९४० पासून ते रेडिओवरही सुपरमॅन होते. चेहरा न दाखवता केवळ स्वर खाली उतरवून माणूस बदलण्याची ही कला रेडिओनेच घडवली, असे माझे ठाम मत आहे; आजच्या कार्यक्रमांत पार्श्वसंगीताच्या गोंगाटात तो स्वर ऐकूच येत नाही, याची मला खंत वाटते.

शेवटी संशोधक वरून वितळलेल्या धातूचा लोट सोडतो, तेव्हा सुपरमॅन लोइसला जवळ घेतो आणि आपला झगा तिच्यावर धरतो.