कोपऱ्यावरून कोथिंबीर: वडोदरा पोरांना झेपतं का?

नमस्कार मंडळी, मी आत्ता दांडिया बाजारात, आमच्याच घराखाली उभा आहे, आणि मागे जे हॉर्न वाजतायत ते मी एडिट करणार नाहीये कारण आजचा विषयच तो आहे.

आमच्याकडे सध्या एकच चर्चा, भायलीला, म्हणजे शहराच्या कडेच्या नव्या भागात, फ्लॅट घ्यायचा का. ओळखीतली बरीच मराठी घरं तिकडे नाहीतर वाघोडिया रोडला टेनामेंट, म्हणजे छोटं स्वतंत्र घर, घेऊन गेली. का गेलात? तर पार्किंग, लिफ्ट, आणि "पोरांना मोकळी जागा". बरं. माझी मावसबहीण गेली, आता दिवसभर ॲक्टिवावर असते, शाळा, क्लास, स्केटिंग, परत शाळा. पोरगी ९ वर्षांची, चुणचुणीत, पण एकटी जाऊन कोथिंबीर आणू शकत नाही, कारण भाजीवाला त्या मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. मी त्या वयात जुन्या शहरातल्या मांडवीपर्यंत चालत जायचो!

म्हणून फ्लॅट बघताना मी आता एवढंच विचारतो, इथून पोरगं एकटं कुठे कुठे जाऊ शकेल?

या बाबतीत सयाजीराव महाराजांचं बडोदं बघा. कमाटीबाग १८७९ ची, १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं, मग १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डनसाहेब या ग्रंथपालाला बोलावून लायब्ररी उभी केली, तीही मांडवीजवळ, भर वस्तीत. पण म्हणून जुनं शहर आज भारी आहे असं नाही हां, इथे फूटपाथवर स्कूटरी लावलेल्या आणि पोरं रस्त्यावरून चालतात.

आता नव्या भागाचं. गुजरातमध्ये टीपी, म्हणजे टाउन प्लॅनिंग, स्कीम असते, १९७६ चा कायदा, सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून परत आखायच्या. त्यात साधारण १५ टक्के रस्त्यांना, ५ टक्के बागा-मैदानांना आणि ५ टक्के शाळा-दवाखान्यांसाठी ठेवता येतात. म्हणजे बागेची जागा नकाशात असू शकते! फक्त रस्ता आधी होतो, बिल्डिंगी होतात, आणि बागेच्या प्लॉटवर गाई बसलेल्या असतात.

तर ब्रोशरमधल्या दोन झोपाळ्यांवर जाऊ नका, टीपीचा नकाशा मागा, बागेचा प्लॉट शोधा आणि संध्याकाळी सहाला, ट्रॅफिकच्या वेळेला, पोराचा हात धरून तिथपर्यंत चालत जा. आम्ही रविवारी भायलीत हेच करणार आहोत, बायको म्हणते रविवारी ट्रॅफिक नसतो, सोमवारी चला. बरोबर आहे तिचं.