सड्यावर माणसं न्यायची तर

[पडद्यावर: भर दुपारचा सडा, म्हणजे कोकणातलं उघड्या कातळाचं पठार. काळपट, रखरखीत जांभा दगड. कॅमेरा स्थिर.]

या चौकटीत एक हत्ती आहे. सुमारे १८ मीटर लांब. शोधून पाहा. दुपारी बाराला तो कुणालाच सापडत नाही.

[तीच चौकट, डिसेंबरातली सकाळ.]

आता पाहा. पाठीची रेघ, सोंड, पाय. आणि त्या बाह्यरेषेच्या आत दाटीवाटीनं कोरलेले कितीतरी पशू, पक्षी, मासे. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचं हे कातळशिल्प. दगड तोच, कॅमेराही तिथेच. सूर्य तेवढा खाली आला आहे.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या सड्यांवर अशी चित्रं शेकड्यांनी आहेत. गुराख्यांना ती ठाऊक होतीच. निसर्गयात्री संस्थेसारख्या स्थानिक अभ्यासकांनी गावोगाव विचारत, पायी फिरत त्यांची नोंद केली. २०२२ मध्ये उक्षी, जांभरूण, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी अशी काही ठिकाणं, गोव्यातल्या पणसायमळसह, युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गेली. यादीत नाव आलं की माणसं येतात, शाळांच्या सहली येतात, ‘वारसा फेरी’चे फलक लागतात. ही फेरी नीट काढली तर गाव स्वतःहून सडा राखायला लागतं. घाईत काढली तर एका सकाळी जेवढं बिघडतं तेवढं पाच पावसाळ्यांत बिघडत नाही.

[कॅलेंडर. १८ एप्रिलवर बोट.]

पहिली चूक तारखेपासून होते. १८ एप्रिल हा जागतिक वारसा दिन. १९८२ मध्ये तो सुचवला गेला आणि १९८३ मध्ये युनेस्कोनं मान्य केला. सभागृहातल्या व्याख्यानाला तारीख उत्तम, कोकणातल्या सड्याला मात्र वाईट. त्या दिवशी दुपारी रत्नागिरीत सूर्य क्षितिजापासून सुमारे ८४ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असतो. रेघ ३ सेंटीमीटर खोल असेल, तर तिच्या काठाची सावली जेमतेम ३ मिलिमीटर पडते. सूर्य १५ अंशांवर असताना त्याच काठाची सावली ११ सेंटीमीटरपर्यंत पोचते आणि रेघ अख्खी काळोखानं भरते. चित्र दिसतं ते या काळोखामुळे.

नोव्हेंबरातला १९ ते २५ हा जागतिक वारसा सप्ताह त्यामानानं बरा. पण तेव्हा सड्यावर गवत उभं असतं, आणि रेघांमध्ये माती साचलेली असल्यामुळे ते नेमकं रेघांतच जास्त माजतं. आमच्या मते मधला डिसेंबर ते जानेवारीअखेर हा खरा हंगाम. गवत वाळून बसलेलं, हवा कोरडी, सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला. सकाळी सव्वासात ते पावणेनऊ आणि संध्याकाळी पावणेपाच ते मावळेपर्यंत, एवढाच वेळ कामाचा. आणखी एक बारकावा: या दिवसांत सकाळचा उजेड आग्नेयेकडून येतो, संध्याकाळचा नैर्ऋत्येकडून. उजेडाला समांतर जाणारी रेघ लपते. त्यामुळे एखाद्या प्राण्याचे पाय सकाळी स्पष्ट दिसतात आणि पाठ संध्याकाळी. पाहणी करताना दोन्ही वेळा जायचं आणि कुठलं चित्र कुठल्या वेळेचं, हे वहीत लिहून ठेवायचं.

वेळ इतका थोडा असल्यामुळे सड्यावर उद्घाटन ठेवायचं नाही. पाहुणे साडेआठला येतात, दीपप्रज्वलन नऊला होतं, आणि मनोगतं संपेपर्यंत हत्ती गेलेला असतो. सत्कार, भाषणं, नाश्ता, सगळं खाली शाळेत, साडेनवानंतर.

[सातबाऱ्याचा कागद, बोटानं नावं वाचली जातात.]

तारखेनंतर जमीन. सडा ओसाड दिसतो म्हणून तो सरकारी, असं धरून चालणारे फार. बहुतेक कातळ खाजगी मालकीचा असतो. सातबाऱ्यावर तो पोटखराब्यात, म्हणजे लागवडीस अयोग्य जमिनीत, पडतो आणि नावं असतात दहा-बारा, निम्मी मुंबईत. गावातल्या एका खातेदाराचं तोंडी ‘हो’ घेऊन पन्नास माणसं नेली, की दुसऱ्या दिवशी मुंबईहून फोन सुरू होतात, आणि पुढच्या वेळी वाटेवर काटेरी कुंपण पडलेलं असतं. म्हणून सातबारा काढायचा, जेवढे खातेदार सापडतील तेवढ्यांना कळवायचं, परवानगी लेखी घ्यायची, त्याची प्रत ग्रामपंचायतीत द्यायची. घरचा एक माणूस फेरीत सोबत असेल तर फारच उत्तम.

मालकाचा हिशेबही समजून घ्यायला हवा. त्या कातळावर पीक येत नाही, पण चिरा, म्हणजे बांधकामाचा जांभ्याचा ठोकळा, निघतो. चिरेखाणीचं यंत्र एका दिवसात जेवढा पृष्ठभाग खरवडतं, त्यात सबंध चित्रसमूह जाऊ शकतो. त्याला ‘वारसा जपा’ म्हणून सांगणं सोपं आहे, पण खाणीचं भाडं बुडतं त्याचं काय, हे तो विचारतोच. दर फेरीमागे ठरावीक रक्कम खातेदारांना आणि गावातल्या वाटाड्याला, ही व्यवस्था पहिल्याच दिवशी लावावी. नंतर लावू म्हटलं की ती लागत नाही.

कायद्याचं कवच आहे, पण सगळ्यांना नाही. १९५८ चा केंद्रीय कायदा आणि १९६० चा महाराष्ट्राचा कायदा संरक्षित म्हणून घोषित झालेल्या स्थळांना लागू होतात. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. ज्या सड्याची घोषणाच झालेली नाही, तिथे हे अंतर कुणी मोजत नाही. घोषित जागी कार्यक्रम करायचा असेल तर पुरातत्त्व विभागाची परवानगी आधी घ्यावी लागते. ड्रोन उडवायचा असेल तर ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर ते क्षेत्र लाल, पिवळं की हिरवं, हेही पाहून ठेवायचं.

[मऊ केरसुणीनं कातळ झाडणारे हात. जवळून.]

आता साफसफाई. इथे उत्साह सर्वांत जास्त घात करतो. लागते ती मऊ केरसुणी, तीही हलक्या हातानं. खराटा नको, तारेचा ब्रश नको, पाण्याचा जोराचा फवारा तर नकोच. जांभा सच्छिद्र आणि ठिसूळ. रेघेचे काठ आधीच झिजलेले असतात आणि खराट्याच्या काड्यांनी दाणे सुटून येतात. गवत कोयत्यानं वरच्या वर कापायचं, उपटायचं नाही. मूळ ओढलं की त्याला धरून बसलेला दगडाचा कपचाही वर येतो. गवत पेटवून देणं हा झटपट उपाय गावाकडे सुचवला जातो. आगीनं कातळाचा वरचा थर तडकतो आणि पापुद्रे सुटतात, शिवाय वारा फिरला तर वणवा शेजारच्या काजूच्या बागेत जातो.

रेघांत साचलेली माती उकरायची नाही. चित्र त्यामुळे थोडं अंधुक दिसेल, दिसू द्यावं. त्या मातीत दगडी हत्याराचा कपचा असेल तर तो कोणत्या थरात होता, ही माहिती अभ्यासकाला लागते. एका दुपारच्या श्रमदानात ती कायमची जाते.

आणि चुना. रांगोळी, खडू, पीठ, नाव काहीही असो. फोटोत चित्र उठून दिसावं म्हणून रेघांत पांढरं भरायची पद्धत पडली आहे, ती मोडायला हवी. जांभ्याच्या छिद्रांत गेलेली पूड केरसुणीनं निघत नाही. त्याहून वाईट म्हणजे, भरणारा माणूस त्याला जे दिसलं तेच भरतो. झिजलेल्या शेपटीच्या जागी त्यानं सरळ रेघ ओढली, तर पुढे येणारा प्रत्येक जण ती सरळ शेपूटच पाहतो, आणि फोटोंवरून ती लेखांतही जाते. उठाव हवाच असेल तर अंधार पडल्यावर दोन विजेऱ्या घ्या, घोट्याच्या उंचीवर धरा आणि बाजूनं, कातळाला जवळजवळ घासून उजेड टाका. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवा. कुठल्याही चुन्यापेक्षा चित्र स्पष्ट येतं.

[दोरीच्या बाहेर अर्धवर्तुळात उभे लोक. मध्ये कुणी नाही.]

एका तुकडीत वीसच माणसं. पुढे माहिती देणारा, मागे राखण करणारा. मागच्याचं काम एकच: कुणी दोरी ओलांडली तर परत बोलावणं. दोरी सर्वांत बाहेरच्या रेघेपासून किमान एक मीटर लांब हवी. ती बांधायला कातळात खुंट्या ठोकायच्या नाहीत. चित्राबाहेर सुटे चिरे ठेवायचे आणि त्यांना दोरी गुंडाळायची. बुटाखाली अडकलेली वाळू कातळावर कानशीसारखी चालते, म्हणून कोरलेल्या भागावर अनवाणीही पाय नको असा नियम ठेवलेला बरा. ‘अनवाणी चालेल’ म्हटलं की सगळे आत येतात.

गाड्या डांबरी रस्त्यावरच थांबवायच्या. सड्यावर मातीच्या पातळ थराखाली न सापडलेली चित्रं असू शकतात, आणि त्यावरून गेलेलं चाक कुणाला कळतही नाही.

मोठं चित्र जमिनीवर उभं राहून समजत नाही. कशेळीच्या हत्तीच्या काठावर उभ्या माणसाला फक्त एक वाकडी रेघ दिसते. इथे साधी युक्ती आहे: वरून घेतलेला फोटो किंवा मोजून काढलेलं रेखाटन ए-थ्री कागदावर छापायचं आणि चित्राच्याच दिशेनं फिरवून जमिनीवर ठेवायचं. कागदावरची सोंड आणि कातळावरची सोंड एकाच बाजूला आली की वीस जणांच्या तोंडून एकदम ‘अरे हो!’ निघतं. उंचावरून पाहण्यासाठी मचाण करायचं तर ते दोरीबाहेर, नुसतं टेकवलेलं. उक्षीत हत्तीभोवती जांभ्याचं कुंपण घातलं गेलं. काठावरून पाहायची सवय लोकांना तिथे आपोआप लागते.

देवाचे गोठणे इथे मानवाकृतीजवळ होकायंत्राची सुई भरकटते. हे ऐकून आलेले लोक थेट आकृतीच्या छातीवर फोन ठेवायला धावतात. त्यांना आधीच सांगायचं: एकच होकायंत्र, ते माहिती देणाऱ्याकडे, आणि लांब काठीच्या टोकावर बसवलेलं. जांभ्यात लोह भरपूर असतं, इथपासून बोलणं सुरू करता येतं. परग्रहवासीयांपर्यंत न्यायची गरज नाही.

[गेंड्याचं चित्र.]

बोलायला खरं तर पुष्कळ आहे. कोकणात आज गेंडा नाही, पण कातळावर आहे. गुजरातमध्ये लांघणज इथल्या उत्खननात गेंड्याची हाडं मिळाली आहेत, आणि १९७४ मध्ये अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या दायमाबादला जमीन खणताना सापडलेल्या चार ब्राँझ मूर्तींपैकी एक गेंड्याची. म्हणजे पश्चिम भारतातल्या माणसानं हा प्राणी पाहिलेला होता. चित्रं किती जुनी, हा प्रश्न हमखास येतो. दगड खोदून काढलेल्या रेघेत रंग नसतो, कोळसा नसतो, त्यामुळे कार्बन कालमापनाला काही मिळत नाही. प्राणी, शैली आणि आसपासची दगडी हत्यारं यांवरून अंदाज बांधले जातात आणि ते हजारो वर्षांचे आहेत. एवढं उत्तर पुरतं. गावातला कुणी ही चित्रं पांडवांची म्हणाला तर त्याला खोडून काढू नये. ती गोष्टही नोंदवून घ्यावी.

[मुलं आलेखवह्या घेऊन बसली आहेत.]

शाळकरी मुलांना व्याख्यान नको, मोजमाप द्या. चित्राच्या दोन बाजूंना काटकोनात दोन टेप अंथरायचे. प्रमाण १:२०, म्हणजे जमिनीवरचा एक मीटर कागदावर ५ सेंटीमीटर. ए-थ्री कागदावर ८ मीटर लांब आणि साडेपाच मीटर रुंद चित्र आरामात बसतं. दोघं मोजणार, एक जण आकडे ओरडणार, एक काढणार. तासाभरात चार मुलांची टोळी एक हरीण पूर्ण करते. चूक हमखास होते ती टेप फुगल्यामुळे. वारा असला की टेपच्या टोकांवर दगड ठेवायचा. आणि सुटा कपचा, चकचकीत गारगोटी मुलांच्या खिशात जाणार हे गृहीत धरायचं. निघण्याआधी खिसे रिकामे. हत्यारासारखा दगड दिसला तर शेजारी पट्टी ठेवून फोटो, जागेची नोंद, आणि दगड तिथेच.

सुरक्षेची बाजू थोडक्यात, पण गंभीरपणे. सड्यावर सावली नाही. माणशी दोन लिटर पाणी. सुटे दगड उलटायचे नाहीत, खाली फुरसं असतं. सर्पदंशावरचं प्रतिविष असलेलं जवळचं रुग्णालय आदल्या दिवशी फोन करून नक्की करायचं. बंद पडलेल्या चिरेखाणींच्या कडांना कठडे नसतात. ऑक्टोबरात तर दुपारनंतर सड्यावर थांबूच नये. परतीच्या पावसाच्या विजा येतात आणि त्या उघड्यावर सर्वांत उंच वस्तू म्हणजे माणूस.

[फोनच्या पडद्यावर नकाशातली खूण पुसली जाते.]

फेरी संपल्यावर व्हॉट्सअॅपवर काय जातं, यावर लक्ष हवं. राखण नसलेल्या जागेचं लोकेशन टाकायचं नाही, फोटोतूनही काढून टाकायचं. गावाचं नाव आणि वाटाड्याशी संपर्काची सोय, एवढं पुरे. येणारा माणूस गावातून आला पाहिजे, थेट सड्यावर उतरता कामा नये.

मग शेवटचं काम, जे बहुतेक ठिकाणी राहून जातं. फेरीच्या आधी आणि नंतर, ठरलेल्या चार-पाच बिंदूंवरून, एक मीटरची पट्टी आणि उत्तरेचा बाण ठेवून, त्याच उजेडात फोटो घ्यायचे. पावसाळ्यानंतर पुन्हा तेच. तीन संच शेजारी ठेवले की कुठला काठ ढासळला, कुठे नवी पायवाट पडली, कुठे कुणी नाव कोरलं, ते दिसतं. एक संच ग्रामपंचायतीत, एक खातेदाराकडे, एक पुरातत्त्व विभागाकडे. काठ सुटताना दिसला तर त्या चित्रावरची पुढच्या हंगामातली फेरी रद्द करायची आणि तुकडी शेजारच्या चित्राकडे न्यायची. तिथलेही आधीचे फोटो घेऊन ठेवलेले असावेत.